मामीचा नंबर शेवटी

निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणायची. आता त्यांचा वॉर्ड म्हणजे परसातलं खुराडं आणि पेशंट म्हणजे नऊ कोंबड्या. वर्षभरात सर्दीची साथ तिसऱ्यांदा आली होती. आधीच्या दोन साथींत चौघी गेल्या होत्या. आज मामी शिंकली आणि सिस्टरांनी धावत जाऊन गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला. मामी म्हणजे घरात सगळ्यांवर ओरडण्याचा हक्क असलेली कोंबडी.

"मला ताप आला तेव्हा एवढी घाबरली नव्हतीस," यजमान म्हणाले.

"तुम्ही अंडी देता का?"

गुरांचे डॉक्टर आले. मामीला वेगळ्या खोक्यात ठेवलेलं पाहून त्यांनी मान डोलावली. "सकाळी आधी कुणाकडे जाता?"

"जास्त आजारी असेल तिच्याकडे. छत्तीस वर्षं तेच केलंय. मग हात धुते हो!"

"आणि चपला? पदर? सिस्टर, साथ तुम्हीच वाटत फिरताय. आधी धडधाकट, आजारी सगळ्यात शेवटी."

सिस्टरांनी पायातल्या चपलांकडे पाहिलं. त्या चौघी डोळ्यांसमोरून हलेनात.

दुसऱ्या दिवशी खोक्यातून मामीची घरघर ऐकू आली. पाय सवयीने तिकडे वळले. सिस्टरांनी ते ओढतच खुराड्याकडे नेले. "येते गं, शेवटी येते," म्हणत त्यांनी आठजणींना दाणे टाकले. कान मात्र खोक्यापाशीच होते.

अचानक घरघर थांबली. सिस्टरांच्या हातातलं भांडं खाली पडलं.

मग मामी ओरडली. उशीर झाल्याबद्दल, नेहमीच्या हक्काने.