टियर्नीबाईंचा कोट

टियर्नीबाई वर्गात कोट काढत नसत. न्यू जर्सीतल्या त्या हायस्कुलात हिवाळ्यात हीटिंग इतकं भरमसाट सोडलेलं असे, की आम्ही विद्यार्थी अंगातले स्वेटर काढून खुर्चीच्या पाठीला टांगायचो. बाई मात्र राखी रंगाच्या जाड लोकरी कोटाची गळ्यापर्यंत बटणं लावून टेबलाशी उभ्या असायच्या. कपाळावर घाम आला की रुमालानं टिपायच्या आणि पुढे शिकवायला लागायच्या. पहिल्या दिवशी मला वाटलं, यांना ताप असावा. संध्याकाळी भरणाऱ्या आमच्या मोठ्या माणसांच्या वर्गात फ्रँक नावाचा एक निवृत्त बसड्रायव्हर होता. न राहवून त्यानं एकदा विचारलंच, "टीचर, कोट काढा ना, गुदमराल." बाई म्हणाल्या, "मला थांबायचं नाहीये रे. दोन वर्षांसाठी आलेय मी."

वर्ग हसला. बाईंना आयर्लंडहून येऊन तीसेक वर्षं झाली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मला मात्र हसू आलं नाही. आमच्याही क्लॉझेटमध्ये २२० व्होल्टचा एक मिक्सर खोक्यातच पडून होता. ऐंशीच्या दशकात आमच्यातला जो तो 'पाच वर्षं, मग पुणं' असं म्हणत असे आणि परत गेल्यावर तिथल्या विजेवर चालतील अशा वस्तू घेऊन ठेवत असे. इथे त्या चालत नसत. तो मिक्सर घरात असून मी वाटण मात्र एका रडतखडत चालणाऱ्या ब्लेंडरमध्ये करत होते.

या वर्गात मी आले ती चुकूनच. संध्याकाळच्या इंग्लिशच्या वर्गात जागा उरली नव्हती, म्हणून ऑफिसातल्या मुलीनं माझं नाव 'आपल्या आयुष्याविषयी लिहा' या वर्गात घातलं. सुधीर, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, "अगं, लिहायला तुझं आयुष्य झालंय कुठे अजून? पण जॉइन कर यार, इंग्लिश तरी इम्प्रूव्ह होईल."

बाकीचे सगळे बाईंना खुशाल 'नूला' म्हणत. माझ्या आईच्या वयाच्या बाईला नावानं हाक मारायला माझी जीभ काही रेटेना. मी आपली 'टीचर' म्हणायचे, आणि मनातल्या मनात 'बाई'. माझं पाहून फ्रँकही टीचर म्हणायला लागला. बाई उंच, हाडापेरानं मोठ्या आणि बोलायला फटकळ. शाळेतल्या मशीनमधल्या चहाला त्या 'चहाची बातमी ऐकलेलं पाणी' म्हणायच्या. मी एकदा थर्मासमधून आल्याचा चहा नेला, तेव्हा एक घोट घेऊन त्या म्हणाल्या, "हा कुणीतरी उकळलाय." त्यानंतर दर मंगळवारी थर्मास माझ्याकडे लागला.

माझा पहिला निबंध आईवर होता. आपण आईवर लिहितो तसाच लिहिला होता. पहाटे उठणारी, सगळ्यांचं करणारी, स्वतःसाठी काही न मागणारी. वाचून झाल्यावर मी कौतुकाची वाट पाहत होते. बाई म्हणाल्या, "ही चर्चमधली मूर्ती झाली. खाली उतरव तिला, पाय दुखत असतील बिचारीचे. तुला तिचा राग कधी आला होता, ते लिही." मी घरी जाऊन रडले. आमच्यात आईचा राग येतो, पण तो लिहीत नाहीत. सुधीर म्हणाला, "बघ, तुला इंग्लिशला पाठवलं, आणि तू रडून येतेस."

'सुंदर लिहू नका' हे त्यांचं पालुपद होतं. "खरं लिहा. त्यातून सुंदर झालं तर तुमचं नशीब." कुणी 'आम्ही' असं लिहिलं की त्या खुर्च्यांमागे वाकून बघायच्या. "आम्ही कोण? मला तर तू एकटीच दिसतेयस." आणि प्रत्येकाचं वाचन झालं की पहिला प्रश्न ठरलेला : "बरं, दारात कोण उभं होतं?" घर सोडतानाचा प्रसंग असो वा नसो, हा प्रश्न यायचाच. असं का, ते मला पुढे कळलं.

एकदा मी अमेरिकेला निघाले त्या दिवसाबद्दल लिहिलं. आईनं तळहातावर दही घातलं. मी चपला घालता घालता "जाते गं" म्हणाले, आणि ती एकदम खेकसली, "जाते काय म्हणतेस? येते म्हण." आपण निघताना 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो. मग समुद्रापलीकडे का निघालेलो असेना, हे मी इंग्रजीत जमेल तसं सांगितलं. बाईंनी दारात कोण होतं ते विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "नेहमी असंच म्हणता?"

"हो, नेहमीच. फक्त कुणी गेलं असेल आणि आपण भेटायला गेलो असू, तर त्या घरातून 'येते' म्हणत नाहीत. काही न बोलता उठायचं."

वर्ग सुटल्यावर त्यांनी मला थांबवलं आणि थर्मासातला उरलेला चहा आम्ही दोघींनी घेतला. त्यांच्या गावाकडे माणूस अमेरिकेला निघालं की आदल्या रात्री त्याचं जागरण करायची जुनी चाल होती. मेलेल्या माणसाचं करतात तसं. शेजारीपाजारी जमायचे, खाणंपिणं, नाच, गाणी व्हायची आणि उजाडायच्या सुमाराला म्हाताऱ्या बायका गळा काढायच्या. गेलेलं माणूस परत दिसायचं नाही, हे धरूनच चालत. नूला विशीत निघाली तेव्हाही ते सगळं झालं होतं. सकाळी वडील तिला चौकापर्यंत सोडायला आले. आई चुलीकडे तोंड करून उभी राहिली, ती दारात आलीच नाही. एवढंच म्हणाली, "माझं एकदा रडून झालंय. परत येऊन दुसऱ्यांदा रडवू नकोस."

"मला 'येते' म्हणू दिलं नाही कुणी," बाई म्हणाल्या. आई अजून होती, नव्वदीकडे झुकलेली. बाई कधीच परत गेल्या नव्हत्या. स्वतःच्या आठवणी लिहायला त्यांनी कितीदा तरी घेतल्या होत्या, आणि दर वेळी त्या दारापाशीच अडकत. आमची दारं एवढी विचारून विचारून बघणाऱ्या बाईंना स्वतःच्या दारातून बाहेर पडता येत नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

त्या वसंतात त्यांच्या भावाचा फोन आला, की आई थकत चालली आहे, यायचं तर आत्ताच ये. ईस्टरच्या सुट्टीत बाई गेल्या. निघण्याआधी एक वर्ग झाला. मी म्हटलं, "टीचर, आता तरी ती दारात येईल." असं काहीतरी बोलावंच लागतं.

सुट्टी संपून वर्ग भरला. बाई आल्या आणि आत शिरताच त्यांनी कोटाची बटणं सोडली. कोट काढून दारामागच्या खुंटीवर टांगला. आत साधा निळा स्वेटर होता, कोपरावर रफू केलेला. कोटाशिवाय त्या एवढ्याशा दिसत होत्या. बाई खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "आज मी सांगते."

आईनं त्यांना ओळखलं नव्हतं. कुणी पाहुणी आली आहे असं समजून तिनं चहा दिला, जवळ बसवलं आणि सांगू लागली, "मला एक मुलगी होती. अमेरिकेत वारली." बाईंनी विचारलं, "कशी होती?" तर म्हातारीनं सगळं सांगितलं. ती भाकरी कशी करपवायची, गोठ्यात गाणी कशी म्हणायची, उलट उत्तरं कशी करायची. मग म्हणाली, "गेली त्या दिवशी माझे बूट तिच्या पायात होते. घरात तेवढा एकच धड जोड. मावशीकडून आणलेत असं सांगितलं होतं मी तिला. दारात गेले असते तर माझे उघडे पाय दिसले असते, आणि मग तिनं ते काढून दिले असते. म्हणून चुलीपाशीच उभी राहिले."

फ्रँकनं विचारलं, "मग तुम्ही सांगितलं नाही? मीच ती, म्हणून?"

"कशाला?" बाई म्हणाल्या. "तिचं रडून झालेलं होतं." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "निघताना मी काही बोलले नाही, सुमन. तुम्ही लोक उठता ना, तशी उठले."

मी तोंडाला पदर लावून रडले. फ्रँकनं भिंतीकडे तोंड केलं. बाईंनी रुमाल काढला, पण आज घाम नव्हता.

त्यानंतर कोट दर वेळी खुंटीवर असे. हे लिहा, असं मी त्यांना एकदोनदा म्हटलं. "नको. ते आईचं आहे, तिनं चांगलं सांगितलंय," एवढंच त्या म्हणाल्या. त्यांच्या आठवणी काही लिहून झाल्या नाहीत. आई उन्हाळ्यात गेली. बाईंचं शिकवणं चालू राहिलं, पण दारात कोण होतं, हे विचारणं त्यांनी सोडलं. त्यांचा फटकळपणाही कमी झाला. मला त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दोन हिवाळ्यांनी त्या न्यूमोनियानं गेल्या. फ्रँकनं फोन करून सांगितलं. सुधीर आणि मी फ्युनरल होमला गेलो. बाईंना निळ्या ड्रेसमध्ये पेटीत ठेवलं होतं. लोक सँडविच खात होते, त्यांच्या गोष्टी सांगून हसत होते. मला ते हसणं आधी खटकलं, आणि मग मीच 'चहाची बातमी ऐकलेलं पाणी' सांगून चार लोकांना हसवलं. रडायला मात्र तिथे कुणी आई नव्हती, बहीण नव्हती. भाऊ तिकडे अंथरुणाला खिळलेला होता.

थोड्या वेळानं सुधीरनं डोळ्यांनी खूण केली, तशी मी मुकाट्यानं उठले. कोट घातला, बटणं लावली. दाराशी पोचल्यावर माझे पाय थांबले. मी वळून त्या पेटीकडे पाहिलं आणि म्हटलं, "टीचर, येते."

सुधीर दचकला. हळूच म्हणाला, "अगं, इथून असं म्हणत नाहीत."

"माहीत आहे मला," मी म्हटलं.