आतून दिसणारं सुस्वागतम्

साबुदाण्याच्या खळीला एक वास असतो. उपासाच्या खिचडीचा नव्हे. त्याहून फिका, ओलसर, किंचित आंबूस आणि तरीही स्वच्छ. क्रोशाचं तोरण विणून झालं की ते या खळीत बुडवायचं, हलक्या हातानं पिळायचं, चटईवर जुनी चादर अंथरून तिच्यावर टाचण्यांनी ताणून बसवायचं आणि खिडकीतून आत येणाऱ्या उन्हाच्या स्वाधीन करायचं. आश्विनातलं ऊन या कामाला फार गुणी. ते पावसाळ्याचा ओलावा हळूहळू शोषून घेतं, दुपार कलायला लागली की दोऱ्याला ताठा येतो, आणि जाळीच्या रिकाम्या चौकोनांतून गळालेल्या प्रकाशाची दुसरीच एक जाळी चादरीवर उमटते. मी विणकामाची पुस्तकं करते, म्हणजे नमुने रचते, ते ओळीओळीनं शब्दांत उतरवते आणि मग कोणी छापेल का म्हणून हिंडते. पण खरं विचाराल तर या साऱ्या खटाटोपात मला सगळ्यात जास्त आवडते ती ही वाळवणाची दुपार.

सुस्वागतम् हा शब्द आम्हा विणणाऱ्यांचा लाडका का, हे कुठल्याही शब्दकोशात सापडणार नाही. त्याची एकही मात्रा, एकही वेलांटी शिरोरेषेच्या वर डोकावत नाही. लांबलचक साखळी घालावी, तिच्यावर एकमेकांना खेटून खांब, म्हणजे उभे टाके, घालावेत, ती झाली शिरोरेषा. मग तिच्यापासून एकेक अक्षर खाली सोडत जावं. तोरण दाराला लोंबतं तशी अक्षरं रेषेला लोंबतात. फणसवाडीतल्या आमच्या चाळीच्या खोलीला असंच एक तोरण होतं, आईनं विणलेलं, खाली पाकळ्यापाकळ्यांची उठावदार गुलाबी फुलं टाकलेलं. दर दिवाळीआधी ते उतरायचं, धुवायचं, खळ घालून पुन्हा चढवायचं. चाळ पाडायची ठरली तेव्हाच्या हलवाहलवीत ते कुठल्या बोचक्यात गेलं कोण जाणे. चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या उंच इमारतीत आम्ही मायलेकी परत आलो, लिफ्ट आली, चोवीस तास पाणी आलं, फक्त तोरण आलं नाही. आई त्याबद्दल कधी चकार शब्द बोलली नाही. मला मात्र ते फार लागलं होतं, आणि म्हणून मी ते आठवणीतून पुन्हा विणलं, वाळवून कपाटात जपून ठेवलं आणि ठरवलं की पुढचं पुस्तक तोरणांचंच करायचं, मुखपृष्ठावर हेच.

विणकाम मला आईनंच शिकवलं. ती उजवी, मी डावखुरी. शेजारी बसवून शिकवायला जावं तर आमची कोपरं एकमेकींवर आपटायची, दोऱ्याचा गुंता व्हायचा आणि शिकवणीचं पर्यवसान भांडणात व्हायचं. शेवटी तिनं मला समोर बसवलं आणि म्हणाली, आरशात बघतेस असं समज. तिचा उजवा हात हलला की माझा डावा हलायचा. संध्याकाळचं पिवळं ऊन गॅलरीतून आत यायचं, वरणाला फोडणी बसल्याचा वास यायचा, आणि आम्ही दोघी एकमेकींची प्रतिबिंबं होऊन बसायचो. त्या आरशातून मी पुढं कधी बाहेर पडलेच नाही, हे मला या वर्षी कळलं.

माझे प्रकाशक अनंतराव. दादरला फुलबाजाराच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर त्यांचं कार्यालय आहे, आणि आश्विनात त्या जिन्यावरून चढताना झेंडूच्या वासानं माणसाचं नाक भरून जातं. माझी बाळांच्या झबल्या-टोपड्यांची दोन पुस्तकं त्यांनी काढली आणि ती बरी खपलीही, कारण मुंबईत थंडी पडो न पडो, बाळाला लोकरीत गुंडाळल्याशिवाय आजीच्या जिवाला चैन पडत नाही. तोरणांच्या पुस्तकाचं नाव काढलं तेव्हा मात्र त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "ताई, आता दारं उघडी असतात कुठं? तोरण बघणार कोण, कुरिअरवाला?" मग माझा चेहरा बघून त्यांना दया आली असावी. त्यांनी एक अट घातली. ज्या बाईनं हा नमुना पाहिलेला नाही, तिनं केवळ माझा मजकूर वाचून मुखपृष्ठावरचं तोरण विणायचं. चित्र नाही, चौकटींचा आलेख नाही, मला फोन नाही. आपल्या वाचक बायका ओळ वाचतात आणि विणतात, त्यांना जमलं पाहिजे. जमलं तर पुस्तक दिवाळीनंतर छपाईला, नाहीतर आपलं पुन्हा झबलं.

मी मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं. माझा मजकूर म्हणजे माझा अभिमान. साखळी किती, खांब कुठं, जाळीचं घर कुठलं भरायचं आणि कुठलं रिकामं ठेवायचं, सारं मी विणता विणता लिहीत जाते, आणि डोळे मिटून विणलं तरी चुकणार नाही अशी माझी ख्याती आहे, निदान माझ्या मनात तरी. परीक्षेला बसल्या लालबागच्या सुलभाताई. लालबागेतल्या निम्म्या बाळांच्या डोक्यावर त्यांच्या हातच्या टोप्या असतील. हात वेगवान, जीभ त्याहून वेगवान. घरचं वळण मालवणी, त्यामुळे प्रेम आणि राग दोन्ही एकाच पट्टीत. मजकूर हातात देताना मी त्यांना बजावलं होतं की लिहिलंय तस्संच करा, स्वतःचं डोकं चालवू नका. हेच बजावणं अंगाशी आलं.

ठरल्या दिवशी त्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं तोरण घेऊन अनंतरावांच्या कार्यालयात आल्या. अनंतराव आत चहाचं सांगायला गेले होते. सुलभाताईंनी टेबलावरची मुद्रितं बाजूला सारली आणि तोरण पसरलं. काम इतकं सुबक की मी आधी नुसती खूश झाले. टाके एकसारखे, फुलं टपोरी, खळ बेताची. आणि मग अक्षरं वाचायला गेले. अक्षरं उफराटी होती. 'सु' उजवीकडच्या टोकाला जाऊन तोंड फिरवून बसला होता आणि 'म्' डावीकडे पहिल्या नंबरात उभा होता.

"लिवलंस तसांच केलंय हां, एक टाको इकडचो तिकडे नाय," सुलभाताई म्हणाल्या. "माका वाटलां, काय तरी नवीन फॅशन असतली."

टेबलाशी उभ्या उभ्या मला सगळं उमगलं. मी डावीकडून उजवीकडे विणत जाते, जग उजवीकडून डावीकडे. माझा शब्द न शब्द बरोबर होता, पण तो उजव्या हातात पडला की आरशातला होत होता. झबल्या-टोपड्यांना डावं-उजवं नसतं, दोन्ही बाह्या सारख्याच, म्हणून दोन पुस्तकं हे लपून राहिलं. अक्षरांनी पहिल्याच फटक्यात माझं बिंग फोडलं. नुसती जाळी असती तर उलटून टांगली की झालं असतं, जाळीला दोन्ही बाजू सारख्याच. पण मी लिहिलं होतं की फुलं पुढच्या बाजूवर टाका, आणि त्यांनी ती इमानानं टाकली होती. अक्षरं सरळ करावीत तर फुलं भिंतीला, फुलं पुढं घ्यावीत तर अक्षरं उफराटी.

तेवढ्यात अनंतराव आले. तोरणावर वाकले, कौतुकानं मान हलवली आणि मोठ्यानं वाचलं, "सुस्वागतम्! वा, झकास जमलंय की."

मी सुलभाताईंकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. अनंतरावांच्या वडिलांचा गिरगावात खिळ्यांचा छापखाना होता. शिशाची अक्षरं उलटी असतात, तेव्हाच तर कागदावर सुलटी उमटतात. आणि हा माणूस लहानपणी शाळेतून परस्पर छापखान्यात जाऊन ती उलटी अक्षरं वाचत मोठा झालेला. त्यांना काही खटकलंच नव्हतं. सुलभाताईंनी टेबलाखालून माझा पाय दाबला, म्हणजे गप्प बस. पुस्तक माझ्या पदरात पडलेलं होतं. पण मुखपृष्ठावर उफराटं सुस्वागतम् घेऊन मी कुठल्या तोंडानं हिंडले असते? मी सांगून टाकलं.

ते पुन्हा वाकले, बोटानं एकेक अक्षर चाचपलं, आणि मग असे हसले की चहा आणणारी बाई दारातच थबकली. सुलभाताईंना ते हसणं रुचलं नाही. "परीक्षा माझी होती ना? मगे मी पास झालंय. नापास झाला असात तर ह्यां," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. अनंतरावांनी डोळे पुसले. म्हणाले, "ताई, तुमचा मजकूर इतका चोख आहे की त्यातली चूकसुद्धा बिनचूक उतरली. पुस्तक करू. फक्त सगळे नमुने दोन्ही हातांसाठी लिहा." काम दुप्पट झालं होतं, आणि मी खाली झेंडूच्या ढिगांमधून चालताना चक्क गुणगुणत होते.

सुलभाताईंनी ते तोरण मलाच देऊन टाकलं. घरी आल्यावर गंमत म्हणून मी ते मुख्य दाराच्या चौकटीला आतल्या बाजूनं अडकवलं, फुलं आमच्याकडे तोंड करून, आणि हवा यावी म्हणून दार सताड उघडं ठेवलं. बाहेरच्या जिन्याच्या खिडकीतून संध्याकाळचा उजेड येत होता, तो जाळीतून झिरपून आमच्या फरशीवर सांडला. आई खुर्चीत बसून मटार सोलत होती. तिनं वर पाहिलं आणि तिचे हात थांबले.

"अगदी तसंच झालंय गं," ती म्हणाली.

मी हसत हसत दिवसभराची फजिती तिला सांगितली, अक्षरं उफराटी आहेत हेही दाखवलं. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. "असंच तर होतं आपलं," ती म्हणाली. मी म्हटलं, असं कसं, आपलं सरळ होतं, येणारी-जाणारी माणसं वाचायची. त्यावर ती माझ्याकडे बघत राहिली, लहान मुलीकडे बघावं तशी. आणि मग मला चाळीतलं ते दार दिसलं, दिवसभर उघडं असलेलं. गॅलरीतल्या लखलखीत उजेडापुढं ते तोरण लोंबत असायचं आणि आतल्या बाजूला, स्टोव्हपाशी, निवडणटिपण करताना, मला समोर बसवून शिकवताना, आई. जे तिनं स्वतः विणलं, दर दिवाळीला स्वतः धुतलं, ते तिनं जन्मभर मागूनच पाहिलं होतं. एवढी वर्षं त्या शब्दानं सगळ्यांना 'या' म्हटलं, तिला सोडून.

मी कात्री शोधायला उठले. म्हटलं, थांब, फुलं उसवून त्या बाजूला टाकते, दहा मिनिटांचं काम. आता तुझ्याकडं तोंड करून सरळ लावू.

"नको गं," आई म्हणाली आणि पुन्हा मटार सोलायला लागली. "सरळ केलंस तर मी पाहुणी होईन."

मी कात्री ठेवून दिली. तिच्या शेजारी बसले, समोर नव्हे, शेजारी. आमची कोपरं अजूनही एकमेकींना लागतात. अंधारून येईपर्यंत आम्ही तोरणाकडं बघत मटार सोलत होतो. शेजारचं कोणीतरी लिफ्टमधून बाहेर आलं, उघडं दार आणि तोरण पाहून थबकलं आणि बाहेरूनच म्हणालं, अरे वा, सुस्वागतम्. त्यांना ते सरळ दिसत होतं. मुखपृष्ठासाठी याच तोरणाचा फोटो काढायला माणूस येणार आहे. त्याला कुठं उभं करायचं, दाराबाहेर की आत, आईच्या खुर्चीपाशी, हे अजून माझं ठरलेलं नाही.