लुंबिनीच्या वाटेवरची डोळकाडी

बोरगावपासून सौंसरपर्यंत कुठल्याही संत्र्याच्या बागेत शिरा, निम्म्या झाडांना शालिकरामचा हात लागलेला. जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, खुंटावर संत्र्याचा डोळा बांधून कलम करायचं, हे त्याचं काम. स्वतःच्या नावावर वीतभर वावर नव्हतं, पण ऐट अशी की भले भले बागवाले त्याला 'शालिकरामजी' म्हणत. शेवटची गाठ मारली की तो मालकाचं नाव मोठ्यानं घ्यायचा, 'हा भगवंतरावजीचा,' आणि मगच पुढच्या खुंटाकडे सरकायचा. झाडाला आपला धनी कळला पाहिजे, असं त्याचं म्हणणं होतं.

बायकोचं नाव मात्र या गड्यानं पस्तीस वर्षांत एकदाही घेतलं नाही. ती 'पुष्पाची माय'. रेशनकार्डाच्या बाबूनं नाव विचारलं तेव्हासुद्धा यानं लेकीला पुढे ढकललं. माय गेली त्या दिवशी सगळी आळी 'यमुनाबाई' म्हणून रडत होती आणि हा दाराशी गप्प बसून होता. पुष्पाला तो राग पुरता गेलेला नव्हता.

मायला लुंबिनी पाहायची होती. विहाराच्या भिंतीवर लुंबिनीचं चित्र होतं, त्याकडे माय वंदना संपली तरी बघत राहायची. ती गेल्यावर दुसऱ्या हिवाळ्यात, सत्त्याऐंशीच्या जानेवारीत, मास्तरीण असलेल्या पुष्पानं शाळेतून रजा घेतली आणि बापाला घेऊन पांढुर्ण्याला गाडीत बसली. बापाच्या पिशवीत केळीच्या सोपटात आणि वरून ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या तीन डोळकाड्या होत्या, कलमाचे डोळे काढण्यासाठी कापलेल्या. दारातल्या संत्र्याच्या. मायनं ते झाड भांड्यांच्या खरकट्या पाण्यावर वाढवलं होतं. लुंबिनीत यातला एक तरी डोळा लागला की ती तिथं पोचली, असं त्यानं मनाशी धरलं होतं. तिथं जंबेरी नसली तर, असं पुष्पानं विचारून पाहिलं. तिथं माती असते का असं विचारल्यासारखं त्यानं तिच्याकडे पाहिलं.

सीमेपलीकडे खटारा बस धुक्यात शिरली आणि सगळंच हलकं झालं. दोन्ही बाजूंना मोहरी फुललेली. धुकं थोडं सरकलं की पिवळा तुकडा दिसायचा, पुन्हा मिटायचा. सायकलवरचा माणूस यायचा, सायकलीशिवायच तरंगत गेल्यासारखा. पुष्पाला वाटलं, आपण जागे आहोत की माय सांगायची त्या गोष्टीत बसलो आहोत. शालिकराम काचेला नाक लावून बसला होता. हा परदेश आहे, हे त्याला पटतच नव्हतं.

"पुष्पे, हे लोक तं आपल्यासारखंच ओलीत करून राहिले," तो म्हणाला.

लुंबिनी पाच-सहा कोस उरली असताना चाक बसलं. ड्रायव्हर जॅक लावू लागला तसा शालिकराम गोणपाट भिजवायला जवळच्या घराच्या हापशावर गेला. पुष्पा मागोमाग. तिथं त्यानं गुंडाळी सोडली आणि त्याचा चेहरा उतरला. दोन काड्या काळ्या पडल्या होत्या. तिसरीची साल नखानं खरवडली तर आत हिरवं होतं, पण जेमतेम.

अंगणाच्या कडेला जंबेरीचं काटेरी झाड उभं होतं. त्याच्या बुंध्याशी बोटाएवढ्या जाडीचं रोप. साल सुटेल का ते पाहायला त्यानं तिच्यावर अंगठा दाबला. इथं डोळा बांधू का, असं घरच्या म्हातारीला खुणांनी आणि मोडक्या हिंदीत विचारलं. तिनं हसून मान डोलावली.

एवढ्या लांब आलो ते काय या अनोळखी अंगणासाठी, असं पुष्पाला वाटलं.

"बाबा, मायले लुंबिनी पाह्याची होती."

"वाळली काडी नेऊन का करू तिथं?" त्यानं चाकू उघडला. "लुंबिनीच्याच रस्त्यावर हाय हे घर. जाणारे-येणारे दिसतीन तिले."

खुंटावर उभी चीर, वर आडवी. साल अलगद सुटली. डोळा आत बसला. सोपटाची पट्टी फिरली, गाठ पडली. पुष्पा सवयीनं मालकाच्या नावाची वाट पाहू लागली. म्हातारीचं नाव तर यानं विचारलंच नव्हतं.

शालिकरामचे ओठ हलले आणि थांबले. हात गाठीवरच होता.

"हा यमुनाचा," तो म्हणाला.

पुष्पाला रडू फुटलं, आणि इतक्या दिवसांचा राग त्यातच वाहून गेला. तीन आठवड्यांनी डोळ्याखालच्या पानाच्या देठाला बोट लावायचं, गळून पडला तर डोळा लागला, चिकटून राहिला तर गेला, हे तो म्हातारीला परत परत समजावत होता. आजवर डोळा लागल्याचं पाहिल्याशिवाय त्यानं कुठलीच बाग सोडली नव्हती. ही सोडावी लागणार होती. ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

बस सुटली. घर, हापसा, जंबेरी, सगळं धुक्यात गेलं. शालिकराम मागेच पाहत होता. थोड्या वेळानं त्यानं ते नाव पुन्हा एकदा घेतलं, हळू, जीभ वळत नसल्यासारखं. त्याला लाज वाटू नये म्हणून पुष्पानं तोंड दुसरीकडे वळवलं.