आंतोन मास्तरांचं साउंड कार्ड

देवबागच्या आंतोन मास्तरांना आपल्या कानाचा गर्व होता, आणि तो त्यांना शोभायचा. चर्चच्या कोरसात तीस माणसं एकदम गात असली तरी मागच्या रांगेत कुणाचा सूर उतरलाय हे ते व्हायोलिन न थांबवता नुसत्या भुवईने दाखवून द्यायचे. मालवणच्या शाळेत त्यांनी जन्मभर गणित शिकवलं, पण गाव त्यांना मास्तर म्हणायचं ते व्हायोलिनमुळे. गणिताचे मास्तर काय, पैशाला पासरी.

निवृत्तीनंतर त्यांनी एक नवा उद्योग काढला. फेस्त, म्हणजे चर्चचा वार्षिक सण, जवळ आलं की तालमीला माणसं जमेनात. कुणी होडीवर, कुणाच्या घरी पर्यटक उतरलेले. मग मास्तर घरच्या कॉम्प्युटरवर एकेका गाण्याची चाल व्हायोलिनवर वाजवून, वर स्वतः गाऊन, रेकॉर्ड करायचे आणि सगळ्यांच्या फोनवर पाठवायचे. हा कॉम्प्युटर त्यांना क्लाइव्हने जोडून दिला होता. क्लाइव्ह त्यांचा जुना विद्यार्थी, त्याचं कसालला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. आतलं, आवाज टिपणारं साउंड कार्डही त्यानेच बसवलेलं, त्याला चौदा वर्षं होऊन गेलेली.

यंदा गणपतीच्या सुमारास रेकॉर्डिंग बिघडायला लागलं. तोंडावर उशी दाबून गायल्यासारखा आवाज येई. मास्तरांनी कॉम्प्युटरवर वरचे सूर वाढवले, आणखी वाढवले, शेवटी जेवढे वाढत होते तेवढे वाढवून पाठवून दिले. दोन दिवसांनी कोरसातली ग्लोरिया भीत भीत म्हणाली की रेकॉर्डिंगमधला 'स' कानाला फार टोचतो, तिची मुलगी तर कान झाकून पळाली.

आपल्याला जे दबलेलं ऐकू येतं ते ग्लोरियाला टोचतं. गणिताच्या माणसाला याचं उत्तर काढायला कितीसा वेळ? उत्तर आलं तसं मास्तरांनी ते पुसून टाकलं आणि सगळं खापर कार्डावर फोडलं. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण वर्गातल्या किती पोरांच्या डोक्यात त्यांनी टपली मारून बसवली असेल, पण स्वतःवर वेळ आली तेव्हा अंगणच वाकडं निघालं.

क्लाइव्हने फोनवर ऐकून घेतलं आणि सांगितलं की जुनं काढू, नवं घालू, दहा मिनिटांचं काम. दुसरा कुणी असता तर सुटलो म्हणाला असता. मास्तर उलट धास्तावले. नवं कार्ड घातलं आणि आवाज सुधारला तर देव पावला. पण नाही सुधारला तर? जुनं कार्ड कॉम्प्युटरच्या डब्यात होतं तोवर निदान एक आरोपी तरी होता. झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हणून ते चालढकल करू लागले. आधी म्हणाले विजेचा भरवसा नाही, मग म्हणाले जुन्या कार्डाला जो गोडवा आहे तो नव्याला यायचा नाही. त्यांची बायको इनासिया हसायची. तिला वाटे, झिजलेली चप्पल टाकताना जीव तुटतो त्यातलाच हा प्रकार.

ती बाहेर गेली की मास्तर दार लावून कानाजवळ दोन बोटं एकमेकांवर घासून बघायचे. उजव्या कानाला अगदी थोडं, डाव्याला काहीच नाही. मग ते बोटं ओली करून बघत, जोरात घासून बघत, आणि घाम पुसत. भीती नुसत्या बहिरेपणाची नव्हती. व्हायोलिन हातातून जाईल ही तर होतीच, शिवाय नावाचीही होती. या गावात एकदा नाव पडलं की पिढ्यांना पुरतं. शेजारच्या भिकाजीचा आजा लंगडा होता. भिकाजी माडावर सरसर चढतो, तरी अजून तो 'लंगड्याचो भिकाजी'च. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या सुरांतल्या चुका काढणारा माणूस 'बहिरो मास्तर' व्हायला एक रविवार पुरला असता.

शेवटी क्लाइव्हनेच वार ठरवला. बुधवारी मालवणात काम आहे, पुढे देवबागला येतो, कार्ड आणू की नको ते आदल्या दिवशी फोन करून विचारतो.

मंगळवारी दुपारी चारला मास्तर झोपून उठले तर घरात इनासिया नव्हती. चहाची वेळ तिने कधी चुकवली नव्हती. त्यांनी अंगणात येऊन हाक मारली, "इनास, खंय आसस गो?"

उत्तर आलं. पण मास्तरांपर्यंत त्याचं नुसतं शेपूट पोचलं. मालवणीत कुठे म्हणजे खंय, इथे म्हणजे हंय आणि तिथे म्हणजे थंय. तिघांचं शेपूट एकच, फरक काय तो तोंडाशी, आणि तोंडच मास्तरांना ऐकू येत नव्हतं. त्यांनी 'थंय' धरलं. देवबाग म्हणजे वाळूची चिंचोळी पट्टी, एका अंगाला दर्या, एका अंगाला खाडी. इनासियाचं 'थंय' म्हणजे खाडीकडचं ग्लोरियाचं घर. मास्तर तिकडे चालू लागले.

ग्लोरिया ओटीवर एकटीच मासे साफ करत होती. इनासिया आलीच नव्हती. मास्तरांनी तिथूनही एक हाक मारली. ग्लोरियाचा हात थांबला. तिने मान वळवली आणि ती दर्याच्या दिशेने कान देऊन ऐकू लागली. मास्तरही ऐकू लागले. त्यांना माडांची सळसळ ऐकू आली, स्वतःचा श्वास ऐकू आला, बाकी काही नाही.

"मास्तर, इनासबाय आराडता," ग्लोरिया म्हणाली. "दर्याकडसून." आणि ती धावत सुटली.

मास्तर तिच्या मागे धावले. त्या दोनशे पावलांत ते जेवढे घाबरले तेवढे जन्मात घाबरले नसतील. पुढे धावणाऱ्या बाईला आपल्या बायकोची हाक ऐकू येत होती, वळण कुठे घ्यायचं ते ती त्या हाकेवरून ठरवत होती, आणि ते नुसते तिच्या पाठीकडे बघत धावत होते. भरती लागली होती.

बंधाऱ्याच्या धोंड्यांवर वाळत घातलेले बांगडे आणायला इनासिया गेली होती. पाय घसरला आणि दोन धोंड्यांच्या फटीत घोट्यापर्यंत अडकला. लाटा तिच्या कमरेला लागत होत्या. दोघांनी मिळून तिला धरलं, ग्लोरियाने पाण्यात हात घालून चपलेचा पट्टा तोडला, तेव्हा पाय सुटला. घरी आणून खुर्चीवर बसवली तरी तिचे दात वाजत होते. बंधारा आपल्या अंगणापासून हाकेवर, आणि नवरा पाठ फिरवून खाडीकडे चालत गेलेला तिने माडांतून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

"मी हंय हंय म्हणान आराडत व्हतंय," ती म्हणाली. "तू थंय कित्याक गेलंस?"

मास्तर खाली बसून तिचा घोटा पुसत होते. त्यांना फार लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली, की पुन्हा कधी इनासिया हाक मारील आणि ग्लोरिया घरी नसेल.

इतक्यात टेबलावरचा फोन हलू लागला. क्लाइव्हचा होता. मास्तरांनी तो उचलून उजव्या कानाला लावला. पलीकडून प्रश्न आला असणार, बुधवारी कार्ड आणू का म्हणून. ग्लोरिया दारातच उभी होती, तिच्या तोंडातून रविवारपर्यंत सगळ्या गावाला कळणार हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं.

"नको आणू," ते मोठ्याने म्हणाले. "कार्डाक काय जाऊक नाय, क्लाइव्ह. माझे कान गेले."

पलीकडे क्लाइव्ह बराच वेळ काहीतरी बोलत राहिला. मास्तरांनी फोन इनासियाच्या हातात दिला.

"तो काय म्हणता ता तू ऐक," ते म्हणाले, "आणि माका सांग."