कार्पेटवर पडलेला प्लग

वाचकांच्या गूढ अनुभवांचा हा कॉलम मी नियमित वाचते, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसायला म्हणून वाचते. नागपुरात आमच्या घरी कुणी करणी, भानामती असले शब्द काढले, की बाबा पेपर खाली ठेवून एवढंच विचारायचे, "पुरावा?" धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा मला पाढ्यांच्या आधी पाठ होत्या. त्यामुळे मी कधी इथे लिहीन असं कुणी म्हणालं असतं, तर मी त्याचीच टर उडवली असती. पण जे झालं ते झालं... आणि ज्यांनी तेव्हा मला गप्प बसवलं होतं, त्यांनीच पुढे बोलायची परवानगी दिली, म्हणून लिहितेय.

२००७ साल. मी लंडनमध्ये ईलिंगला राहायचे, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी. आमचा विहार म्हणजे एक साधं सेमी-डिटॅच्ड, एका बाजूने शेजाऱ्याला चिकटलेलं घर. पुढच्या दोन खोल्यांमधली भिंत काढून केलेला हॉल, मागे किचन, आणि किचनला लागून एक चिंचोळी खोली. तिला सगळे ऑफिस म्हणायचे. तिथे एक जुना टॉवरवाला कॉम्प्युटर होता, आणि त्याचे सर्वेसर्वा होते मेश्रामकाका. बसच्या गॅरेजमधून रिटायर झालेले, विहाराचे सेक्रेटरी, आणि माझ्या बाबांच्याही वरताण. एकदा कुणीतरी प्रेमाने अंगारा आणला, तर काकांनी त्याला दारातच उभं करून दहा प्रश्न विचारले होते.

काकांनी एक चांगलं काम चालवलं होतं. सुरुवातीच्या काळात इथे आलेल्या आपल्या माणसांना बोलतं करून त्यांचे आवाज रेकॉर्ड करायचे. फॅक्टरीतली पहिली पाळी, पहिला बर्फ, भाड्याने खोली मिळत नव्हती ते दिवस... असं सगळं. पण रेकॉर्डिंगमध्ये घरघर फार. ती काढायला मला लिनक्सवरचे, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या दुसऱ्या सिस्टिमवरचे, फुकट प्रोग्रॅम माहीत होते. आता विंडोज काढून टाकायची तर सोय नव्हती, कारण विहाराचं मासिक पत्रक ज्या जुन्या मराठी सॉफ्टवेअरमध्ये टाईप व्हायचं, ते विंडोजवरच चालायचं. म्हणजे एकाच डिस्कवर दोन्ही हवेत. विंडोजची जागा आकसवून घ्यायची, मोकळ्या झालेल्या जागेत लिनक्स टाकायचं, मग मशीन सुरू करताना कुठलं हवं ते विचारतं. माझ्यासाठी हे रोजचंच काम. धोका एकच – जागा आकसत असताना वीज गेली, तर डिस्कवरचं सगळंच जाऊ शकतं. म्हणून मी आधी मुलाखतींचा सगळा फोल्डर डीव्हीडीवर घेऊन ठेवला होता.

रविवारी सकाळी वंदनेआधी मी काम सुरू केलं. स्क्रीनवर ती निळी पट्टी हळूहळू पुढे सरकायला लागली. काका माझ्या मागे उभे.

"बॅकअप सगळा घेतला ना बेटा?"

"हो काका, मुलाखती सगळ्या घेतल्या."

"आणि माझ्या नावाचा फोल्डर?"

मी वळून बघितलं. "तुमच्या नावाचा कुठला?"

काकांचा चेहरा उतरला. "त्यात सुलोचनाचं आहे," ते म्हणाले.

सुलोचनाकाकू आदल्या हिवाळ्यात गेल्या होत्या. मुलाखतीला त्या कधी बसल्याच नाहीत, माझं काय ऐकायचं म्हणायच्या. मग एकदा त्या भाकरी करत असताना काकांनी गुपचूप रेकॉर्डर लावून ठेवला होता. त्याची कॅसेट घरच्या गॅरेजमधल्या ओलीने खराब झाली. आता जे होतं ते याच डिस्कवर. कुणी ऐकू नये म्हणून काकांनी ते वेगळं ठेवलं होतं, आणि मला सांगायचं राहून गेलं होतं.

"थांबव ते," काका म्हणाले.

"आता थांबवता येत नाही काका. मध्येच थांबवलं तर नक्की जाईल. चालू द्या, काही होणार नाही."

म्हणाले खरी, पण माझी नजर स्क्रीनवरून हलेना. पट्टी निम्मीसुद्धा भरली नव्हती. हॉलमध्ये वंदना सुरू झाली होती. तेवढ्यात मीनाताई दोन कप चहा घेऊन आल्या. मीनाताई म्हणजे आमच्या किचनच्या प्रमुख.

मी चहा घेतला, आणि का कोण जाणे, विचारलं, "ताई, एवढा चहा केलात, अर्न कुठे लावलात?" अर्न म्हणजे चहाचं ते मोठं इलेक्ट्रिक पिंप.

"कुठे म्हणजे? नेहमीच्या सॉकेटला. तुमची ती वायर काढली आणि लावला. दर रविवारी तसंच तर करतो. कॉम्प्युटर कोण वापरतं रविवारी!"

त्या गेल्या. मी खुर्चीतून वाकून दाराबाहेर बघितलं. ऑफिसात सॉकेटच नव्हतं, म्हणून आमच्या एक्स्टेन्शनची वायर दाराखालून पॅसेजमध्ये जायची. तिच्या टोकाचा प्लग तिथे कार्पेटवर पडला होता, तिन्ही पिना वर. एक्स्टेन्शनवरचा लाल दिवा विझलेला. आणि माझ्या मागे पंखा घुरघुरत होता... पट्टी सरकत होती.

मला पहिल्यांदा भीती नाही वाटली, राग आला. हे असं होऊच शकत नाही! दुसरी वायर असणार म्हणून मी टेबलाखाली शिरले. मॉनिटरची वायर एक्स्टेन्शनमध्ये, टॉवरची एक्स्टेन्शनमध्ये. बॅटरी नाही, यूपीएस नाही, दुसरं काही नाही. मी बाहेर आले.

"काका, प्लग लावू?"

"हात लावू नको." त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. "कशालाच हात लावू नको."

आम्ही दोघं तसेच उभे राहिलो. किती वेळ, मला सांगता येणार नाही. हॉलमधून सगळ्यांचा एका सुरात आवाज येत होता, आणि मी मनात फक्त "सरक, सरक" म्हणत होते. कुणाला म्हणत होते देव जाणे... बघा, मी असं लिहिते आता! मधे एकदा पट्टी थांबली. काकांनी माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की दुखलं. मग ती पुन्हा पुढे गेली आणि भरली.

डिस्कचं काम संपून नुसत्या फायली कॉपी व्हायला लागल्या, तसं मी काकांना धोका टळल्याचं सांगितलं. ते पॅसेजमध्ये गेले, अर्न काढला आणि प्लग सॉकेटमध्ये घातला. लाल दिवा लागला. मशीनला काही फरकच पडला नाही.

सगळं झाल्यावर रीस्टार्ट केलं. दोन नावं आली, विंडोज निवडलं. डिस्क तपासून झाली आणि काकांचा फोल्डर जागच्या जागी होता. त्यांनी फाईल उघडली. भाकरी थापल्याचा आवाज, आणि मग काकू – "अहो, ते काय धरून बसलात? परात द्या इकडे." काका भिंतीकडे तोंड करून रडले. मीही रडले.

लगेच त्या फाईलच्या दोन कॉप्या काढल्या. मग काकांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "आता काढ प्लग." मी काढला. स्क्रीन त्याच क्षणी काळी. परत लावून परत काढला, तेच.

"कुणाला सांगायचं नाही," काका म्हणाले. "उद्या इथे हार घालतील कॉम्प्युटरला. तू इंजिनिअर आहेस, कारण शोध."

मी शोधलं हो. जुन्या घरांचं वायरिंग, पॉवर सप्लाय, ऑफिसातले सीनियर हार्डवेअरवाले... सगळ्यांचं एकच म्हणणं, मशीन क्षणभर टिकेल, एवढा वेळ नाही. तुझं बघण्यात काहीतरी चुकलं. पण दोघांचं सारखंच कसं चुकेल?

पुढे मी ग्लासगोला गेले. काकांचा फोन यायचा. "जय भीम. सापडलं का?" "नाही काका." "बरं, बघत राहा." शेवटी ते हॉस्पिटलमध्ये होते तेव्हाही विचारलंच. मी नेहमीचंच उत्तर दिलं.

"सापडलं नाही तर लोकांना तसंच सांग," ते म्हणाले. "सापडलं नाही, एवढंच. चमत्कार म्हणू नको. पण जमलं तर लवकर शोध बेटा... मला सुलोचना तिथे होती असं वाटायला लागलंय. आणि या वयात मला तसं मानायचं नाही."

मी हो म्हणाले. त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. काका गेले, आणि मी त्यांना कारण देऊ शकले नाही. तुमच्यापैकी कुणाला ते माहीत असेल, तर कृपा करून मला सांगा.