नानांनी बांध साफ करून ठेवला

मंडळी, आत्ताच देवपूरला घरी पोचले. हात-पायही न धुता लिहायला बसलेय, कारण दुसरं काही सुचत नाहीये.

तुम्हाला माहीतच आहे, मी कोळ्यांच्या वर्गीकरणावर संशोधन करते. चोपड्याजवळ नाना म्हणून एक शेतकरी आहेत, त्यांच्या केळीच्या बांधावर, गवतात, मला एक बारीकसा कोळी मिळाला होता. नोंदलेल्या कुठल्याच जातीशी तो जुळत नाही, आणि त्या बांधाखेरीज दुसरीकडे कुठे मिळालाही नाही. पण मिळाल्या त्या सगळ्या माद्या. नर सापडल्याशिवाय नवी जात म्हणून नाव देऊन मांडायचं नाही, असं सरांनी बजावलंय. आणि नर वर्षातून थोडेच दिवस दिसतात. ते दिवस म्हणजे हेच.

म्हणून काल नानांना फोन करून सांगितलं, उद्या येते.

आज गेले तर बांध काळा. गवत पेटवलेलं, कडेकडेने औषध फवारलेलं. नाना हसत उभे.

"ताई, मागे तुम्ही गवतमा पालथ्या पडेल व्हत्या. माले कसंतरी वाटनं. म्हनीसन बठ्ठं साफ करी टाकं. आते एक बी किडा नही शे!"

पाहुणी येणार म्हणून अंगण झाडावं, तसा त्यांनी बांध झाडला होता.

मला राग आला नाही. रडूही नाही. राखेशेजारी बसून चहा प्यायले. चहा चांगला होता.

निघताना नानांनी विचारलं, "तुमनं काम व्हयनं ना?"

"हो नाना, झालं."

आता तुम्हीच सांगा, ज्याचं बारसंच झालं नव्हतं, तो गेला हे कुठल्या नावाने कळवायचं?