मी मोकळी चालवलेली सायकल

मंडळी, आज मन फार खट्टू झालंय.

मी नव्या सायकली स्वतः चालवून बघतो आणि दुकानदाराचा चहाही न घेता खरं ते इथं ब्लॉगवर लिहितो, हे तुम्ही जाणता. मागे एका सायकलीबद्दल मी 'डोळे मिटून घ्या' असं लिहिलं. आमच्या धरणगावातून खेडोपाडी फिरून टोस्ट विकणाऱ्या उस्मानभाईंनी ते वाचून तीच घेतली.

आज दुपारी ते सायकल ढकलत दारात आले. कॅरिअर वाकलेलं, मागच्या चाकाच्या तारा तुटलेल्या. दुकानदार म्हणे, ही ओझ्याची सायकलच नाही.

"उस्मानभाई, मी चांगली धरणगाव ते एरंडोल चालवली होती हो!"

"चालवली ना, नाना. मोकळी चालवली. माझ्या टोस्टच्या पेट्या कॅरिअरवर कुठं व्हत्या?"

दोघंही हसलो. मग ते हळूच म्हणाले, "चार दिवसांपासून धंदा बंद शे. आता कोणती घेऊ, तेवढं सांगा."

मी माझं सगळं जुनं लिखाण चाळलं; एकूण एक सायकल मोकळीच चालवलेली. मी खोटं लिहिलं नव्हतं; पण आपल्याकडे मोकळी सायकल चालवतं कोण, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

तुमच्यापैकी कुणी नव्या सायकलीवर रोज ओझं वाहतं का? कोणती टिकली, ते लिहा. उस्मानभाई अजून ओट्यावरच बसलेत.